रस्त्याच्या कडेची मोहरी

चालती गाडी काका अचानक कडेला घ्यायचे, चारही दिवे लुकलुकत ठेवायचे, काच खाली करायचे आणि रस्ता व नाला यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्याकडे बोट दाखवून विचारायचे, "ही जागा दिवसभर करते काय?"

विचारण्याचा सूर असा, की तो पट्टा म्हणजे नोकरी न शोधता बेसमेंटमध्ये लोळत पडलेला कुणाचा तरी भाचा असावा. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, शेजारी बसलेल्या काकू "अहो, चला ना" म्हणताहेत, मागच्या सीटवर मी ग्रोसरीच्या पिशव्या सांभाळत बसले आहे, आणि काका उत्तराची वाट बघत आहेत. शेवटी उत्तर त्यांनाच द्यावं लागायचं. "काही करत नाही. नुसती वाढते. मग टाउनचा माणूस येतो, डिझेल जाळतो आणि कापून जातो. की परत वाढते!"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असणार. चारचौघांना जे दिसत नाही तेच त्याला दिसतं आणि दिसलं की ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आपण मान डोलावतो आणि दूध संपलंय का ते आठवत बसतो.

हॅमिल्टनच्या बाहेर आमचं छोटं गाव आहे. काका तिथे आमच्या समोरच्या घरात राहायचे. सत्तरच्या दशकात सांगलीहून इंजिनियर होऊन आले, जन्मभर पोलादाच्या कारखान्यात काम केलं आणि रिटायर झाले तेव्हा तिथलं नारिंगी जॅकेट तेवढं घरी घेऊन आले. चमकत्या पट्ट्यांचं ते जॅकेट ते सगळीकडे घालायचे. लायब्ररीत, डेंटिस्टकडे, मंडळाच्या गणपतीला. आरतीच्या फोटोत गणपतीपेक्षा काकाच जास्त चमकलेले असायचे.

आमची पहिली भेट झाली ती आमच्या ड्राइव्हवेवर. नवऱ्याला ताप होता म्हणून मी एकटीच फावड्याने बर्फ शोव्हल करत होते. काका समोरून आले, हाताची घडी घालून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बर्फ उचलायचा नसतो, ढकलायचा असतो. कुठली तू?"

"नागपूरची."

"मग बरोबर," काका म्हणाले. काय बरोबर ते आजतागायत मला कळलेलं नाही. तेव्हापासून मी त्यांची 'नागपूरकर' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

तर तो रिकामटेकडा पट्टा. काकांनी त्याला कामाला लावायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेला मोहरी पेरायची, तिचं तेल काढायचं आणि त्या तेलावर जनरेटर चालवून गावातल्या कम्युनिटी हॉलला वीज द्यायची. "आपल्या रस्त्याचं तेल, आपल्याच हॉलमध्ये दिवा," असं ते म्हणायचे. निदान दिवाळीच्या कार्यक्रमाला तरी.

"मोहरीच का पण?" मी विचारलं. "इथे सगळे तेलासाठी कनोला लावतात ना?"

"म्हणूनच. मोहरी आपल्याला कळते."

"तुम्हाला कुठे कळते?" काकू आतून म्हणाल्या. "जन्मात कधी फोडणी केली नाहीत."

गावच्या रस्त्यांचा कारभार डग नावाच्या माणसाकडे होता. हा डग म्हणजे धिप्पाड, अबोल माणूस, हातात कायम कॉफीचा मग. काका त्याच्या ऑफिसात इतक्या वेळा गेले, की पुढे पुढे तो न विचारता दोन मग भरू लागला. शेवटी त्याने आमच्या कोपऱ्यापासून पुलापर्यंतचा पट्टा एका वर्षासाठी काकांना दिला. अटी दोन. गाडीवाल्यांना वळण दिसलं पाहिजे आणि पुढच्या मे महिन्यात टाउनच्या कमिटीसमोर या तेलावर काहीतरी चालवून दाखवलं पाहिजे. "समथिंग दॅट रन्स," डग म्हणाला. नाही चाललं तर जूनपासून गवत कापायचं मशीन पुन्हा फिरणार आणि विषय संपला.

काकांनी मंडळाच्या सगळ्या लोकांना पेरणीला बोलावलं. आलो आम्ही तिघंचौघं. काकांनी आम्हालाही नारिंगी जॅकेटं दिली, त्यामुळे जाणारे गाडीवाले वेग कमी करायचे आणि रस्ता कधी खुला होणार म्हणून विचारायचे. "जुलैमध्ये फुलणार," काका सांगायचे.

आणि खरंच फुलली. सगळा पट्टा पिवळाधमक झाला. लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले. एके दिवशी ब्रॅम्प्टनहून एक सरदारीण आंटी मोठमोठ्या पिशव्या घेऊन आल्या आणि कोवळी कोवळी पानं खुडू लागल्या. सरसों का साग कोणाला सुटलाय! काका जॅकेट फडकवत धावले. आंटींना वाटलं, सरकारी माणूस आला.

"सॉरी जी, सॉरी, ऑफिसर साहब!"

"ये खाने का नहीं है," काका सांगलीच्या हिंदीत ओरडले, "ये जलाने का है!"

आंटींनी एकदा त्या बहरलेल्या पिकाकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं, पिशव्या गोळा केल्या आणि लगबगीने गाडीत जाऊन बसल्या. काकांचं म्हणणं मात्र रास्त होतं. रस्त्याकडेच्या पिकात टायरची धूळ, धूर, बर्फावर टाकलेलं मीठ असं सगळं उतरतं. ते पोटात जाऊ नये, इंजिनातच जावं.

पण आंटींसारखे बरेच जण काकांची पाठ वळल्यावर येऊन गेले असावेत. शिवाय हंसांचे थवे आले आणि काढणीच्या आठवड्यात पाऊस आला. शेवटी पुलापर्यंतच्या त्या पट्ट्यातून हाती लागली ती फक्त एक पांढरी प्लॅस्टिकची बादली, झाकणापर्यंत भरलेली. काकांनी ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी उचलून गॅरेजमध्ये ठेवली. हाताने फिरवायचा छोटा घाणा त्यांनी मागवून ठेवला होता, पण तेल आत्ता काढायचं नाही, मेमध्ये कमिटीसमोर ताजं ताजं काढायचं, असा त्यांचा बेत होता.

डिसेंबरमध्ये गॅरेजात उंदीर शिरला. ही बातमी काकूंना कळली असती तर त्यांनी सरळ लेकीकडे हॅलिफॅक्सला मुक्काम हलवला असता. म्हणून काकांनी गाजावाजा न करता बादली बेसमेंटमध्ये नेली आणि तांदूळ, कणीक, तूरडाळ यांच्या तशाच पांढऱ्या बादल्यांच्या रांगेत ठेवून दिली. काकांना सेल दिसला की ते बादलीनेच सामान आणत. रांगेत आणखी एक बादली वाढली, एवढंच.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या काही आलं नाही.

संक्रांत झाली. काकूंकडचं हळदीकुंकू म्हणजे आमच्याकडचा मोठा सोहळा. दारात बुटांचा ढीग, जाड पार्का-कोटांच्या आत पैठण्या, सगळ्यांचे चष्मे आत शिरताक्षणी वाफेने पांढरे. त्या वर्षीचं वाणही नवं होतं. रिबीन बांधलेली छोटीशी काचेची बरणी आणि तीत मोहरी. "हे बादलीभर मोहरी आणून बसलेत," काकू कौतुकाने सांगत होत्या, "म्हटलं, चार घरी जाईल तेवढीच संपेल. ती नेहमीची चहाची गाळणी देण्यापेक्षा बरं." सगळ्यांनी वाखाणलं. काका वरच्या खोलीत हॉकीची मॅच बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते बेसमेंटमध्ये गेले, तेव्हा बादली सिंकमध्ये होती. काकूंनी ती स्वच्छ विसळून पालथी घातली होती.

दुपारी माझी बेल वाजली. दारात काका. जॅकेट होतं, टोपी नव्हती.

"तुझ्याकडे वाण आलंय?"

"आलंय की. का?"

"खाल्लंस?"

ओट्यावर कढी होती. त्यांनी कढीकडे पाहिलं, शेजारच्या अर्ध्या झालेल्या बरणीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. काय झालं ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी कढीवर झाकण ठेवलं. काकांचा चेहरा बघवत नव्हता. वर्षभराची मेहनत, डगला दिलेला शब्द आणि पट्टा, सगळं गावभरच्या मिसळणाच्या डब्यांत जाऊन बसलं होतं. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तडतडली कशी?"

"मस्त तडतडली."

"तडतडणारच. भरपूर तेल आहे तिच्यात," काका म्हणाले, आणि एवढ्या दुःखातही त्यांची मान जराशी ताठ झाली.

मी त्यांच्याबरोबर समोर गेले. काकू देवघरापुढे बसल्या होत्या. रडून झालं होतं, पण एका मुद्द्यावर त्या ठाम होत्या.

"दिलेलं वाण परत मागायचं? मी मेले तरी मागणार नाही."

"अगं, ते वाण नाहीये, फ्युएल आहे!"

"मी हळदीकुंकू लावून दिलं की ते वाण झालं. आणि उंदराचं मला सांगितलं असतंत तर ही वेळ आली असती का?"

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर तो पट्टा बर्फाखाली गाडलेला होता. इतका वेळ मी मनातल्या मनात हसत होते, ते बंद झालं. चहा झाला. कप ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "मागता येत नाही. पण कोणी दिलं तर नाही म्हणता येत नाही."

"म्हणजे?"

"रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं. प्रत्येकीने करावं. मला बोलवावं. आणि वाण काय द्यायचं ते जिचं तिने ठरवावं. मी कशाला सांगू?"

सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी फोनाला बसले. मोहरी पोटात घालू नका, हे आधी सांगितलं की पलीकडे किंकाळी, मग पुढचं सांगितलं की हशा. ज्यांनी वर्षानुवर्षं हळदीकुंकू केलं नव्हतं त्यांनीही केलं. कुणी ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मधे केलं. हॉस्पिटलात नर्स असलेल्या एकीला सुट्टीच नव्हती, तिने ब्रेकमध्ये पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या बॉनेटवर करंडा ठेवून केलं. इतर बायकांनाही बोलावणं असे, पण वाण फक्त काकूंना, आणि सगळीकडे तेच. रिबिनीसुद्धा त्याच.

काकूंना गाडी चालवता येत नसे, त्यामुळे प्रत्येक घरी काका त्यांना घेऊन जायचे. हळदीकुंकवात पुरुषांना काय काम? ते बाहेर हीटर लावून गाडीत बसायचे. बर्फात उभी गाडी, आत ते नारिंगी जॅकेट, दाराकडे लागलेले डोळे. काकू हातात बरणी घेऊन पायऱ्या उतरू लागल्या की काच खाली.

"मिळाली?"

"आधी तिळगूळ घ्या. गोड बोला."

"घेतो. मिळाली का?"

रथसप्तमीला बादली भरली. भरली ती जरा जास्तच भरली. गेली होती त्यापेक्षा जड होऊन परत आली. ज्यांची मोहरी वापरून झाली होती त्यांनी अर्धी बरणी कशी परत द्यायची म्हणून इंडियन स्टोअरमधली मोहरी घालून बरण्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या. त्यांत मीही होते. कुणाची काळी आणि टपोरी, कुणाची बारीक राई, एकीने तर चक्क पिवळी घातली होती.

काकांनी एक मूठ तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे आपलं नाही."

मग दुपारी दुपारी काका-काकू डायनिंग टेबलावर चादर पसरून मोहरी निवडू लागले. आपली बाजूला, दुकानातली बाजूला, संशयित तिसरीकडे. मी एकदा मदतीला गेले आणि डोळे फिरले म्हणून परत आले. तिसऱ्या ढिगात शेवटी एवढी मोहरी जमली, की काकांनी हात टेकले.

"डगला काय सांगू?"

"खरं ते सांगा," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "काका, कोणाला कळणार आहे? तेल ते तेल."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे पिवळी मोहरी वेचू लागले.

मे उजाडला. हॉलच्या मागच्या अंगणात कमिटीचे लोक खुर्च्या टाकून बसले होते. टेबलाला घट्ट बसवलेला घाणा, त्यातून निघालेलं सोनेरी तेल, एक जुना डिझेल जनरेटर आणि त्याला जोडलेली विजेची किटली. काकांचा बेत असा, की या तेलावर पाणी उकळायचं आणि कमिटीला चहा पाजायचा. आम्ही बायका साड्यांवर जॅकेटं घालून मागे उभ्या होतो. बोलावलं कोणी नव्हतं, पण मोहरी आमची होती.

काकांनी जनरेटर सुरू केला. तो खोकला आणि बंद पडला. पुन्हा खोकला आणि बंद. कमिटीतल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं. काकांनी कपाळ पुसलं. डग पुढे आला आणि जनरेटर हलू नये म्हणून त्याने त्यावर आपला भलामोठा बूट ठेवला. तिसऱ्यांदा धुराचा एक काळा लोट निघाला आणि यंत्र धडधडू लागलं. सगळ्या अंगणात वास पसरला.

"करपली!" काकू उत्स्फूर्तपणे म्हणाल्या.

आम्ही सगळ्या हसू लागलो आणि कमिटीला काही कळेना. पण किटली गुरगुरू लागली. पाणी उकळलं. काकांनी स्वतः चहा केला, कप प्रत्येकाच्या हातात दिला, मग घसा खाकरून टाय सरळ केला. त्या दिवशी जॅकेटच्या आत टाय होता.

"मला एक गोष्ट डिस्क्लोज करायची आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "यातली सगळी मोहरी रस्त्याची नाही. थोडी दुकानातली आहे. किती, ते मला सांगता येत नाही." आणि मग त्यांनी वाण, उंदीर, रथसप्तमी सगळं सांगितलं. हळदीकुंकू इंग्रजीत समजावून सांगताना त्यांची दमछाक झाली. माझ्या मनात आलं, संपलं. हातात आलेला पट्टा या माणसाने स्वतःच्या तोंडाने घालवला.

घड्याळ बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे या सगळ्याजणींनी ती परत आणून दिली?"

"हो. आणि वर भर घालून."

"आम्हाला वाटलं होतं, हा तुमचा एकट्याचा छंद आहे."

काकांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.

पट्टा आणखी एक वर्ष मिळाला. डगने चहाचा दुसरा कप मागितला.

त्या वर्षी पेरणीला इतके लोक आले, की जॅकेटं पुरली नाहीत. पीकही दाट आलं. हंसांना हाकलायला आम्ही पाळ्या लावल्या. ऑगस्टमध्ये शेंगा भरल्या आणि काका हॉस्पिटलात भरती झाले. हृदयाचं दुखणं होतं. मी भेटायला गेले की नळ्यांच्या मधून विचारायचे, "शेंगा वाळल्या का? वेळेवर कापा. नाहीतर फुटतील." आम्ही हो म्हणायचो. पण सगळ्यांचा जीव हॉस्पिटलात होता, पुलापर्यंत जायचं कोणाला सुचलं नाही. सप्टेंबरमध्ये काका गेले. त्याच सुमारास शेंगा फुटल्या आणि दाणा न् दाणा मातीत सांडला.

मला हा माणूस फार आवडायचा. त्यांना ते कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी बर्फ कसा ढकलायचा ते पुन्हा शिकवलं असतं.

परवानगी काकांच्या नावावर होती, ती त्यांच्याबरोबर संपली. मंडळात दोनदा बोलणं झालं, अर्ज करू, कोणीतरी डगला भेटू, असं ठरलं आणि राहिलं. वसंतात कोणी काही पेरलं नाही. तरी जूनमध्ये पट्टा आपोआप हिरवा झाला, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मग पिवळा झाला. काकू रोज सकाळी पोर्चमध्ये उभ्या राहून त्याच्याकडे बघायच्या.

एक दिवस मी घरूनच कामाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना बाहेर घरघर ऐकू आली. गवत कापायचं मशीन. मी कॅमेरा बंद केला आणि घरातल्या सपाता घालूनच बाहेर पळाले. ट्रॅक्टर आमच्या कोपऱ्याकडे येत होता, बाजूचं पातं गवतातून फिरत होतं, मागे हिरवी धूळ उडत होती. ट्रॅक्टरवर डग स्वतः बसला होता. काकू पोर्चच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी हात वर केला, पण काय ओरडायचं ते सुचेना. आमच्याजवळ एक कागददेखील नव्हता.

कोपऱ्यावर डगने ट्रॅक्टर थांबवला. क्षणभर तो मोहरीकडे बघत बसला. मग त्याने पातं वर उचललं आणि तसंच उचललेलं ठेवून सावकाश पुलापर्यंत गेला. पुलापलीकडे पातं खाली टेकवलं आणि पुन्हा गवत कापत निघून गेला. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

काकूंचा चेहरा उजळला. त्या लगबगीने घराच्या दाराकडे वळल्या आणि त्यांनी आत हाक मारली, "अहो, बघितलंत का?"

मग त्या पायरीवर बसल्या. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.